दिवे नवे, तारा जुन्या

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या बाजूला लागले की डोंगरांच्या माथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. वारा आमचा, ऊन आमचे आणि त्यातून निघणारी वीज साऱ्या राज्याची. पिंपळनेरहून धुळ्याला, जळगावला, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलामुलींना भारनियमनाच्या जुन्या कहाण्या आता वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकाव्या लागतात. वीज महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या दारापर्यंत बहुतेक वेळ नीट पोचते. दाराच्या आत गेल्यावर तिचे काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आपली मुले दिवसाचे सहा-सात तास ज्या छताखाली बसतात त्याच्याशी तो निगडित आहे, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमच्या पिढीच्या खानदेशी पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाचे नाव असे. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे आजचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. त्याआधी एखाद्या दाखल्यासाठीसुद्धा रात्रीच्या एस.टी.ने पुणे गाठायचे आणि सकाळी गणेशखिंडीतल्या त्या मनोऱ्याच्या इमारतीकडे मान वर करून पाहायचे. ती इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा वाडा. सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये, काम सुरू झाले आणि १८७१ च्या सुमारास पुरे झाले. २२ जून १८९७ च्या रात्री रँड साहेब परतत होता तो याच वास्तूतल्या ज्युबिलीच्या समारंभाहून. पुढे विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नरच्या वाड्यात विद्यापीठाचा कारभार आला.

मुंबई विद्यापीठाची फोर्टमधली वास्तूही त्याच काळातली. तिचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने इंग्लंडात बसून केला. हा गृहस्थ मुंबईला कधी आलाच नाही. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये, तर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झालेले ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला. एडिसनचा दिवा पेटला तो १८७९ च्या ऑक्टोबरात. ही सन-सनावळी मी एवढ्यासाठी देतो, की विद्यापीठांच्या या दोन्ही मानाच्या इमारती विजेच्या दिव्याच्या आधीच्या आहेत. भिंती बांधताना कोणी तारेचा विचार केला नव्हता, कारण तार नव्हतीच. वीज या घरांत नंतर आली, आणि जागा मिळेल तिथे बसली.

कशी बसली ते कोणत्याही जुन्या इमारतीत बारकाईने पाहिले तर दिसते. सर्वांत जुना थर म्हणजे लाकडी खाचेत ठेवलेली, रबर आणि सुती वेष्टणाची तार. वर लाकडाचीच झाकणपट्टी. त्यानंतर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेली वायर. मग ॲल्युमिनियमच्या तारा, कारण तांबे महाग. मग प्लास्टिकच्या पाइपातली वायर, आणि अलीकडे भिंतीवरून धावणारी पांढरी प्लास्टिकची पट्टी. दर वेळी जुने काढून नवे टाकले असते तर तक्रार नव्हती. पण बहुतेक ठिकाणी जुन्याला नवे जोडले गेले. रबर चाळीस-पन्नास वर्षांत वाळून ठिसूळ होते. हात लावला की खपली पडते. तांब्याला ॲल्युमिनियम जोडले की तो सांधा हळूहळू सैल होतो आणि सैल सांधा तापतो. विजेचा एक साधा नियम शाळेत शिकवतात: तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. दोन दिवे आणि एक पंखा चालवण्यासाठी टाकलेल्या तारेवर आपण संगणक, प्रोजेक्टर, झेरॉक्सचे यंत्र आणि पाणी थंड करायची टाकी लादली, तेव्हा हा नियम रजेवर गेला नव्हता.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. मोठ्या इमारतीत वीज तीन फेजमध्ये येते आणि परतीची वाट एकच असते, ती न्यूट्रलची तार. जुन्या पिवळ्या दिव्यांच्या आणि पंख्यांच्या जमान्यात तिन्ही फेजचे प्रवाह या तारेत एकमेकांना बरेचसे रद्द करीत. म्हणून न्यूट्रल बारीक असली तरी भागे. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक चोक यांच्या प्रवाहाचा एक भाग असा असतो, की तो रद्द होण्याऐवजी न्यूट्रलमध्ये साचत जातो. फेजच्या तारा थंड आणि बारीक न्यूट्रल मात्र गरम, असा प्रकार होतो. ती तुटली तर २३० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूंवर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. एका दुपारी अख्ख्या मजल्यावरच्या ट्यूब आणि संगणक एकदम गेले, असे कोणी सांगितले तर वायरमन आधी न्यूट्रल तपासतो.

एक परका दाखला देतो. तो आपल्याला फार जवळचा आहे. ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय तिथल्या केंद्रीय विद्यापीठाच्या ताब्यात होते. १८१८ मध्ये स्थापन झालेली संस्था, पूर्वीच्या राजवाड्यात थाटलेली. आपल्या गणेशखिंडीसारखेच राज्यकर्त्यांचे घर विद्येच्या हाती आलेले. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ते जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहाचा बहुतेक भाग गेला, त्यात आता कोणी बोलत नाही अशा भाषांची ध्वनिमुद्रणेही होती. पोलिसांनी पुढच्या वर्षी तपासाचा निष्कर्ष सांगितला: आग तळमजल्यावरच्या सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रापाशी सुरू झाली. तिथे तीन यंत्रे होती. प्रत्येकाला स्वतंत्र ब्रेकर नव्हता, एकाला बाहेरून अर्थिंग नव्हते, आणि एका तारेचे वेष्टण एका जागी निघालेले होते. दोनशे वर्षांचा ठेवा जाण्यामागे एवढ्या तीन क्षुल्लक बाबी. आमच्यासारख्या बँकवाल्याला याहून बोचणारी गोष्ट अशी, की संग्रहालयाच्या दुरुस्तीसाठी तिथल्या सरकारी विकास बँकेने २ कोटी १७ लाख रेआलचा करार जून २०१८ मध्ये केला होता आणि त्यात आगीपासूनच्या संरक्षणाचाही समावेश होता. पैसा पोचण्याआधी आग पोचली.

आपल्याकडेही ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पेटले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली वास्तू. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सागवान, पडदे आणि उंच छत असलेल्या जुन्या इमारतीत आग किती झपाट्याने फिरते हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आणि जुनेपणाचा दोष सगळा दगडी इमारतींच्याच माथी मारू नये. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, तो कक्ष काही व्हिक्टोरिया राणीच्या काळातला नव्हता. भिंतीचे वय आणि भिंतीतल्या तारेचे वय वेगवेगळे मोजावे लागते. नव्वदच्या दशकात खानदेशात ज्या शैक्षणिक इमारती उभ्या राहिल्या त्यांना आपण अजून ‘नवी बिल्डिंग’ म्हणतो. त्यांच्या तारा तिशी ओलांडून गेल्या.

मग दुरुस्ती होत का नाही? होते, पण उलट्या क्रमाने. आधी दिवे बदलतात. एलईडी आले, २०१५ च्या सरकारी उजाला योजनेमुळे स्वस्त झाले, आणि दर्शनी भागावर रंगीत रोषणाई करण्याची हौसही वाढली. याचे कारण हिशेबात आहे. एका मध्यम वर्गखोलीत आठ जुन्या ट्यूब आणि सहा पंखे धरा. चोकसह ट्यूब ५२ वॅटची आणि पंखा ७५ वॅटचा, म्हणजे एकूण ८६६ वॅट. त्याजागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या आणि ३० वॅटचे नव्या पद्धतीचे पंखे लावले तर ३४० वॅट. रोज सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर खोलीमागे जवळजवळ ७०० युनिटे वाचतात. युनिट १० रुपयांचे धरले तर ७,००० रुपये. दिवे-पंख्यांचा खर्च २०,००० च्या घरात धरला तरी तीन वर्षांत वसूल. असा प्रस्ताव कोणत्याही वित्त समितीपुढे ठेवा, पाच मिनिटांत मंजूर होईल.

आता वायरिंगचा प्रस्ताव ठेवून पाहा. तो त्याहून मोठ्या रकमेचा, आणि वसुली काय? शून्य. नवी तार टाकल्याने बिल कमी होत नाही, छायाचित्र निघत नाही, कोनशिला बसत नाही. जी आग लागली नाही तिची रक्कम कोणत्या रकान्यात दाखवायची?

हिशेबाच्या वह्याही इथे मदत करीत नाहीत. विजेच्या जोडणीवर दरसाल १० टक्के घसारा लिहिण्याची रीत आहे, तोही उरलेल्या किमतीवर. १ लाख रुपयांची वायरिंग तीस वर्षांनी पुस्तकात ४,२०० रुपयांच्या आसपास उरते. ती शून्य कधीच होत नाही. ताळेबंदात ती अमर असते. घसारा लिहिला म्हणून तेवढे पैसे कोणी बाजूला काढून ठेवले असेही नसते. बँकेत पस्तीस वर्षे असे ताळेबंद वाचले. ‘इलेक्ट्रिकल फिटिंग्ज’ या ओळीपुढची बारीक रक्कम पाहून कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

नव्वदच्या दशकात संगणक शाखाशाखांतून आले तेव्हा मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. शाखा जुन्या वाड्यात. संगणकाच्या खोलीसाठी वातानुकूलन यंत्र बसवले गेले आणि जोडले गेले ते वाड्याच्या मूळच्या बोर्डाला, ज्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. फ्यूज वारंवार जाई, म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घातली. एका शनिवारी दुपारी शिपाई आत येऊन शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, बोर्डमाईन जयेल वास ई ऱ्हायना.’’ मेन स्विच पाडला, बोर्ड उघडला, तर मागची लाकडी फळी कोळसा झाली होती. तो शनिवार नसून रविवार असता तर वास घ्यायला कोणी नव्हते. फ्यूज जाणे हा त्या बिचाऱ्याचा धर्म. तो त्याला पाळू दिला नव्हता.

विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आज हीच गोष्ट थोड्या सफाईने घडण्याचा धोका आहे. दिवे बदलल्यावर भार कमी होतो, म्हणून मोकळीक वाटते. मग एखाद्या केबिनमध्ये दीड टनाचे यंत्र बसते. ते साधारण १,५०० वॅट खाते. तीन वर्गखोल्यांतली बचत एका केबिनने गट्ट केली. वर ते जोडले जाते जुन्याच तारेला.

आता प्रकाशाबद्दल. वर्गात बाकाच्या उंचीवर ३०० लक्स उजेड हवा, असे भारतीय मानक सांगते. लक्स मोजण्याचे यंत्र हातात मावते आणि हजार-दोन हजारांत मिळते. पण यंत्र आणण्याआधी खिडक्या उघडाव्यात. १८७० च्या दशकातल्या वास्तुकारांनी दहा-बारा फुटी खिडक्या ठेवल्या त्या हौसेने नव्हे. दिवसाचे वाचन दिवसाच्या उजेडात व्हावे ही त्यांची योजना होती. राजाबाई मनोऱ्याखालचे वाचनालय त्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सीच्या देणगीतून आणि इंडियन हेरिटेज सोसायटीच्या देखरेखीखाली तिथे जतनाचे मोठे काम झाले, तेव्हा त्या काचांवरही मेहनत घेतली गेली. इतर जुन्या इमारतींत मात्र खिडकीपुढे गोदरेजचे कपाट उभे असते, वरच्या झडपेला प्लायवुड ठोकलेले असते आणि भर दुपारी आत सहा ट्यूब जळत असतात. पहिला सुधारित दिवा म्हणजे हे कपाट हलवणे. त्याला निविदा लागत नाही.

दिव्याचा रंगही पाहावा लागतो. जुन्या लाकडी छताखाली आणि दगडी कमानीत ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा लावला की दीक्षान्त सभागृहाचा शस्त्रक्रियेचा कक्ष होतो. ३,००० च्या आसपासचा उबदार दिवा तेवढीच वीज खातो. आणि हस्तलिखिते जिथे आहेत तिथे तर जपूनच. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या कागदपत्रांचे संशोधन मंडळ आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी उभारलेले श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहे. अशा ठिकाणी शाईला ५० लक्सच्या वर उजेड मानवत नाही, आणि जुन्या ट्यूबमधून निघणारे अतिनील किरण कागद पिवळा करतात. एलईडीत ते जवळजवळ नसतात. तेव्हा नवे दिवे वाईट असे माझे म्हणणे मुळीच नाही. ते लावावेतच.

फक्त क्रम बदलावा. बँकेत घरबांधणीचे कर्ज देताना आम्ही सगळी रक्कम एकदम देत नसू. जोते झाले, पाहणी झाली, हप्ता, लिंटेलपर्यंत आले, पाहणी, हप्ता, मग स्लॅब. रंगाचे पैसे शेवटी. विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानाला हीच शिस्त का नसावी? २०१३ च्या ‘रुसा’ योजनेत जुन्या इमारतींच्या नूतनीकरणासाठी वेगळा हिस्सा होताच. पहिला हप्ता अर्थिंग, मुख्य बोर्ड आणि तारांसाठी, त्यांच्या चाचणीचा अहवाल आला की दुसरा, दिव्यांचा शेवटचा. आणि दिव्यांमुळे वाचणारे खोलीमागचे ७,००० रुपये सामान्य खात्यात विरघळू न देता वायरिंगच्या स्वतंत्र खात्यात भरावेत. चाळीस खोल्यांच्या महाविद्यालयात ते वर्षाला २ लाख ८० हजार होतात. एका उन्हाळी सुटीत एक मजला या बेताने काम पुढे सरकू शकते.

निविदेतही एक खोच आहे. वायरिंगचे काम ‘पॉइंट’वर मोजले जाते: इतके दिवे, इतके पंखे, इतके प्लग. ठेकेदाराला पैसे पॉइंटचे मिळतात, म्हणून पॉइंट दिसतात तितके चकचकीत होतात. अर्थिंगचा खड्डा जमिनीत असतो. त्यात तांब्याची पट्टी किती जाड गेली, मीठ-कोळसा किती गेला, हे पाहायला कोण वाकतो? आमच्या खानदेशात तर एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पूर्वीचे वायरमन उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतीत. आता खड्ड्यावर फरशी बसते आणि ती जागा कोणाला आठवत नाही. माणसाच्या अंगातून गळणारी वीज ओळखून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर मिळतो. तो प्रयोगशाळांत, पाण्याच्या टाकीपाशी आणि वसतिगृहांच्या न्हाणीघरांत असलाच पाहिजे. तुमच्या घरी आहे का, तेही या रविवारी पाहून घ्या; त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेले एक बटण असते, ते दाबले की वीज गेली पाहिजे.

दगडी वास्तूत खाचा पाडून तारा पुरणे पाप आहे. दगडाला भोक न पाडता दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यातून जावे, कंगणीच्या मागून किंवा जुन्या लाकडी खाचेच्याच वाटेने न्यावे, आणि जिथे लाकूड जास्त तिथे खनिज वेष्टणाची तांब्याची केबल वापरावी, जी आगीतही टिकून राहते. हे काम महाग आणि संथ असते. त्यासाठी जतनाचे काम जाणणारा वास्तुविशारद आणि विजेचा अभियंता एकत्र बसावे लागतात. पण साध्या, तीस वर्षांच्या सिमेंटच्या इमारतींना एवढे लागत नाही. तिथे आयटीआय झालेला स्थानिक वायरमन, एक मेगर आणि एक प्रामाणिक नोंदवही पुरते.

मेगर म्हणजे तारेच्या वेष्टणात ५०० व्होल्टचा दाब सोडून ते किती पक्के आहे हे मोजणारे यंत्र. आकडा १ मेगओहमच्या खाली गेला की ती तार बदलायची. ही चाचणी बहुतेक ठिकाणी झालीच तर मे महिन्याच्या सुटीत होते, कारण तेव्हा वर्ग रिकामे असतात. मे महिन्यात आमच्याकडे भिंती तव्यासारख्या कोरड्या असतात आणि खराब तारसुद्धा पास होते. पिंपळनेरच्या बाजूला जुलैत झड लागली, पांझरेला पाणी आले, भिंतींना ओल चढली की त्याच तारेचा आकडा खाली येतो. म्हणून नोंदवहीत दोन रकाने हवेत, एक मेचा आणि एक ऑगस्टचा.